मँगनीज तुमसरचं, नाव ग्रीसचं

प्रोग्रामिंगमधलं सगळ्यात अवघड काम कोणतं? व्हेरिएबलला नाव देणं! रसायनशास्त्रज्ञांचंही काही वेगळं नाही बरं का. फरक एवढाच की त्यांना नंतर रिनेम करता येत नाही.

लाव्हाझिएने ‘ऑक्सिजन’ म्हणजे ‘आम्ल तयार करणारा’ असं नाव ठेवलं. पुढे १८१० च्या सुमारास डेव्हीने दाखवलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच. पण नाव चिकटलं ते चिकटलंच! आपला ‘प्राणवायू’ त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

आता मँगनीज. ग्रीसमध्ये मॅग्नेशिया नावाचा प्रदेश आहे. त्याच्या नावावरून एका काळ्या खनिजाला ‘काळा मॅग्नेशिया’ म्हणत आणि एका पांढऱ्या पदार्थाला ‘पांढरा मॅग्नेशिया’. काळ्यात नवं मूलद्रव्य आहे हे स्वीडनच्या शीलेने ओळखलं आणि १७७४ मध्ये गानने ते वेगळं काढलं. ते मँगनीज. पांढऱ्यातून आलं मॅग्नेशियम. डेव्हीने १८०८ मध्ये घोटाळा टाळायला त्याला ‘मॅग्नियम’ म्हणून पाहिलं, पण कोणी ऐकलं नाही. शाळेत आपण ज्या दोन नावांत गोंधळायचो, त्याचं मूळ हे असं आहे.

हे काळं खनिज आपल्याकडे भरपूर आहे, भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात. चिखल्याला जमिनीखालची खाण, डोंगरी बुजुर्गला उघडी खाण. दोन्ही ‘मॉईल’च्या. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलसाठी वापरतात. म्हणजे टॉर्चमधला सेल ओळखीचा, गावाचं नाव मात्र अनोळखी.

जुन्या लोकप्रिय विज्ञान पुस्तकांत स्वीडनमधल्या इटरबीची गोष्ट हमखास भेटते. एवढंसं गाव, पण यिट्रियम, यिटर्बियम, टर्बियम आणि अर्बियम ही चार नावं त्याच्यावरून आली. मग आपल्या वाट्याला काय? तर एक खडक. भूवैज्ञानिक फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवर १९०९ मध्ये हजारावर पानांचा ग्रंथ लिहिला. मध्य भारतातल्या या साठ्यांसोबत मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झचा एक खडक सापडतो. त्याला त्यांनी नाव दिलं ‘गोंडाइट’, इथल्या गोंड लोकांवरून.

मला हे वाचून आनंद झाला आणि थोडं खटकलंही. नाव गोंडांचं, पण ठेवणारा दुसराच. जमीन कोणाची, घाम कोणाचा, हे नाव ठेवताना विचारत नाहीत. आधी नोंद कोणी केली तेच बघतात. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही नव्या मूलद्रव्याचं नाव सुचवायचा मान शोधणाऱ्यालाच असतो. म्हणून तर २०१६ मध्ये जपानच्या नावाचं ‘निहोनियम’ तक्त्यात आलं. ११८ मूलद्रव्यांत भारताच्या नावाचं एकही नाही.

असो. तक्ता काही आपण बदलू शकत नाही. पण घरातल्या पोराला अणुक्रमांक २५ शिकवाल तेव्हा मॅग्नेशियाबरोबर चिखला आणि डोंगरी बुजुर्गही सांगा. एवढं तर आपल्या हातात आहे ना?