आमची चित्रे कुणाच्या कपाटात?

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, बीड जिल्ह्यातील नारायणगडावर मनोज जरांगे पाटील यांचा मेळावा झाला. नगद नारायण महाराजांचे हे स्थान. मराठवाड्यात त्याला धाकटी पंढरी म्हणतात. मेळाव्याला गेलेल्यांनी मोबाइल उंच धरून चित्रण केले आणि न गेलेल्यांनी यूट्यूबवर घरबसल्या सगळे पाहिले. पूर्वी अशा सभेचे चलच्चित्र हवे असेल, तर मोठ्या शहरातून कॅमेरा येण्याची वाट पाहावी लागे. आता सभेला येणारा प्रत्येक माणूसच चित्रणकार झाला आहे.

पण ही चित्रे पन्नास वर्षांनी कुणाला सापडतील काय? हा प्रश्न नारायणगडापुरता नाही. आम्हां मराठी मुसलमानांना तो चाळीस वर्षांपूर्वीच पडायला हवा होता.

१९८२ साली दिल्लीत एशियाड भरले आणि दूरदर्शन रंगीत झाले. त्याच सुमारास व्हीसीआर हे यंत्र आपल्याकडे दिसू लागले. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली होती. रत्नागिरी-रायगडकडची आमची माणसे कुवेत, सौदी, दुबईला कामाला होती. सुट्टीवर येताना ती टेपरेकॉर्डरसोबत व्हीसीआरही आणू लागली. त्याआधी आखातात गेलेल्या मुलाला आई ध्वनिफितीवर बोलून निरोप पाठवीत असे. ज्या माउलीला लिहिता येत नव्हते, तिचे ते पत्रच होते. अशा फिती जपून ठेवलेली घरे आज किती असतील?

मराठवाड्यात व्हीसीआर बहुधा भाड्याने यायचा. रात्रभराचे भाडे ठरवून टीव्ही आणि यंत्र आणायचे, अंगणात लावायचे आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे संपवायचे. त्यात हिंदूंची आळी आणि मुसलमानांचा मोहल्ला असा भेद फारसा नसे. ज्याच्या अंगणात वीज, त्याच्याकडे गर्दी.

मग लग्नाचे शूटिंग सुरू झाले. खांद्यावर भलामोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा धरून वायर सांभाळणारा पोरगा, हे दृश्य निकाहाच्या मंडपात नेहमीचे झाले. तस्वीर जायज की नाजायज, हा वाद उलेमांत होताच. काही घरांत मौलवीसाहेब निकाह पढवीपर्यंत कॅमेरा बंद ठेवीत. काही घरांत जनान्यात शूटिंगवाल्याला पाऊलही टाकू देत नसत. पुढे हरम शरीफमधून व्हिडिओ कॉल येऊ लागले आणि त्या वादाची धार आपोआप बोथट झाली. त्या वादाचा एक परिणाम मात्र राहिलाच. आमच्या लग्नांच्या कॅसेटींत पुरुष पुष्कळ आणि बायका थोड्या दिसतात. ज्यांनी रात्र रात्र जागून बिर्याणीचे तांदूळ निवडले, त्या चित्रात नाहीत.

या साधनाचा खरा पराक्रम मात्र लग्नमंडपात घडला नाही. तो बीडपासून दूर, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात घडला. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमिन विणकरांनी ते वाढवले. इथे शुक्रवारी माग बंद असतात आणि कामगाराला सिनेमाची मोकळीक मिळते. तिथे नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. परदेशी विनोदी चित्रपटांतले तुकडे निवडून, जोडून ते प्रेक्षकांना दाखवीत. कुठल्या संस्थेत न जाता संकलनाचे शिक्षण त्यांनी असे घेतले. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा आणि नट गावातलेच. मूळ चित्रपटातले डाकू घोड्यांवरून येतात, मालेगावचे सायकलींवरून आले. आगगाडी परवडणारी नव्हती, म्हणून बस घेतली. याला कुणी नक्कल म्हणेल. आम्हाला ती नक्कल वाटत नाही. घोडा नसलेल्या माणसाने घोड्यावरच्या माणसाची केलेली ती टिंगल आहे आणि ती करण्याचा हक्क गरिबाला आहे.

बायकांचा प्रश्न इथेही होताच. गावातली मुलगी पडद्यावर येणे अशक्य, म्हणून नट्या बाहेरून आणाव्या लागल्या. याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळाली नव्हती, अण्णा साळुंके या पुरुषाने ती भूमिका केली. म्हणजे ही अडचण एकट्या मुसलमानांची नव्हे. आम्ही ती जास्त काळ बाळगली, इतकेच.

पुढे सुपरमॅनची पाळी आली. हा चित्रपट तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला (२००८). त्यात नासिर शेख आहेत, लेखक फरोग जाफरी आहेत आणि सुपरमॅन झालेला किडकिडीत यंत्रमाग कामगार शफीक शेख आहे. हा सुपरमॅन तंबाखू आणि घाण यांच्याविरुद्ध लढतो. शफीक २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने गेला.

याच वर्षांत मालेगावची दुसरी चित्रे देशभर फिरत होती. २००१ ची दंगल, ८ सप्टेंबर २००६ चे कब्रस्तानातले स्फोट, २००८ चा स्फोट. वृत्तवाहिन्यांच्या गाड्या गावात आल्या त्या या वेळी. २००६ च्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले, पण बुरखा घालून पोलीस गाडीत बसवलेल्या माणसांचे चित्रण वाहिन्यांच्या संग्रहात कायम राहते. ते कपाट त्यांचे आहे. त्या चित्रांना उत्तर देणारी हसरी चित्रे मालेगावने स्वतः काढली होती, ती व्हीएचएसच्या फितीवर. फितीवरची चुंबकीय भुकटी काळाबरोबर सुटत जाते, दमट हवेत तिला बुरशी धरते आणि प्रतीची प्रत काढली की चेहरे पुसट होतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पण मोहल्ल्यातल्या कॅसेटीला तिथला रस्ता कुणी दाखवला? मालेगावची ही कहाणी पुढे रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’मध्ये मांडली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला ती चित्रपटगृहांत आली. चित्रपट चांगल्या मनाने केलेला आहे. पण आमच्या माणसांचे सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात टिकाऊ चित्र मुंबईच्या नटांनी साकारलेले असावे, हे मनाला लागते.

कॅसेटनंतर सीडी आली, मग मोबाइल. यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर खेड्यातल्या पोराच्या हातातही ते पोचले. मालेगावच्या ‘छोटू दादा’च्या विनोदी फिती देशभर पाहिल्या गेल्या. टिकटॉकवर तर वेटर, गवंडी, सलूनवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका सगळेच आले. जनान्यात शूटिंगवाल्याला मज्जाव करणाऱ्या घरांतल्या नाती स्वतःच कॅमेरा धरू लागल्या. हा बदल कुठल्या चळवळीने घडवला नव्हता. मग २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अॅपवर बंदी घातली. भारतात टिकटॉक वापरणारे तेव्हा सुमारे वीस कोटी होते. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्या वादात आम्ही पडत नाही. पण एवढ्या माणसांनी काढलेली चित्रे एक-दोन दिवसांत त्यांच्याच हातून गेली. कॅसेट निदान कपाटात तरी होती.

हेच साधन दुसऱ्या कामालाही येते. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, ईदच्या आदल्या दिवशी, गेवराई तालुक्यातल्या अर्धा मसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट घडवण्यात आला. जीवितहानी झाली नाही. पोलिसांनी लगेच दोघांना पकडले. त्यांच्यातल्या एकाने आधी जिलेटिनच्या कांड्यांसह स्वतःची फीत समाजमाध्यमावर टाकली होती, हेही बाहेर आले. मिरवण्यासाठी काढलेली फीत त्याच्याविरुद्ध बोलू लागली. म्हणून अशा फिती केवळ पुढे पाठवून, संताप करून पुसून टाकू नयेत. तारीख आणि ठिकाण लिहून नीट ठेवाव्यात.

आणि जुन्या कॅसेटींचे काय? व्हीसीआर बनवणारी जपानमधली शेवटची कंपनी, फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता फीत शाबूत असली, तरी ती चालवणारे यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री शोधावा लागतो. मोठ्या शहरांत कॅसेटवरचे संगणकावर उतरवून देणारी दुकाने आहेत, पैसेही फार पडत नाहीत. मात्र उतरवण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना शेजारी बसवावे. मागच्या रांगेतली, डोक्यावर पदर ओढून घाईने चौकटीबाहेर जाणारी ती कोण, हे त्यांनाच सांगता येईल. ते नाव तिथेच लिहून घ्यावे.