चार्जरवरील शिक्क्याची कुळकथा

काशीच्या ब्रह्मघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेली मराठी घरे आहेत, हे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी त्याच भागातील एका जुन्या वाड्यात मुक्कामाचा योग आला. खोलीत विजेचे सॉकेट एकच, आणि आमच्याजवळ एक लॅपटॉप व तीन मोबाइल. तेव्हा बाजारातून चार तोंडांचा एक चार्जर विकत घेतला. अर्ध्या तासात तो हाताला चटके देऊ लागला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. तो ओढून काढला व चौकातील फरशीवर नेऊन ठेवला. उलटा करून पाहिला, तर त्यावर निर्मात्याचे नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. '१०० वॉट' एवढेच काय ते ठळक छापलेले. दोन माणसे समोरासमोर आली की एकाने भिंतीला टेकून उभे राहावे, अशा त्या गल्लीत आगीचा बंब कसा शिरला असता, हा विचार मनातून जाईना. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाने शिक्का न पाहता वस्तू घ्यावी, याची लाजही वाटली.

शिक्का पाहण्याच्या या सवयीचा इतिहास काशीशीच निगडित आहे. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तो जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत धातूची कसोटी पाहणारा अधिकारी होता. त्या काळी बाजारात निरनिराळ्या टांकसाळींचे, निरनिराळ्या वजनांचे आणि कसांचे रुपये एकत्र फिरत. प्रत्येक रुपया सराफाने पारखावा, बट्टा कापावा आणि मग तो स्वीकारावा, असा शिरस्ता होता. पुढे कलकत्त्यास गेल्यावर प्रिन्सेपने वजनमापे व नाणी एकसारखी करण्याचा आग्रह धरला. १८३३ च्या सातव्या रेग्युलेशनने तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि १८३५ च्या सतराव्या कायद्याने कंपनीचा रुपयाही त्याच वजनाचा झाला, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. पारख करण्याचे ओझे अशा रीतीने ग्राहकाच्या खांद्यावरून उतरून सरकारच्या शिक्क्यावर आले. माझ्या मते आधुनिक प्रशासनाने सामान्य माणसावर केलेल्या थोर उपकारांपैकी हा एक होय. त्याचा गाजावाजा मात्र कोणी करीत नाही. असो.

विजेच्या बाबतीत हे काम बरेच सावकाश झाले. आपल्या घरातील तीन गोल पिनांचा प्लग मूळ १९३४ च्या एका ब्रिटिश मानकातून आला. स्वातंत्र्यानंतर 'आयएस १२९३' या क्रमांकाने तो भारतीय झाला. १९४७ साली भारतीय मानक संस्था स्थापन झाली आणि १९८६ च्या कायद्यान्वये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्युरोत झाले. परंतु प्लगला मानक असूनही त्यामागील चार्जर दीर्घकाळ सक्तीच्या नोंदणीबाहेरच राहिला. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२ साली निघाला, पण पहिल्या १५ वस्तूंत चार्जर नव्हता. तो २०१४ च्या दुसऱ्या यादीत आला, आणि त्याच यादीत मोबाइल फोन व पॉवर बँकही आल्या.

त्याच वर्षी यूएसबी-सी जन्मास आली, हा योगायोग लक्षणीय आहे. तोवर अनेक उपकरणांच्या पिना वेगवेगळ्या असत. आपण त्याला वैतागत असू. परंतु त्या गैरसोयीत एक संरक्षण दडलेले होते. चुकीचा चार्जर बहुधा बसतच नसे. यूएसबी-सीमध्ये सारे काही साऱ्यांत बसते. म्हणून सुरक्षितता आकारावरून उठून संभाषणावर गेली. चांगला चार्जर प्रथम ५ व्होल्टच देतो, उपकरणाशी बोलतो, आणि मागणीनुसार ९, १५ वा २० व्होल्टपर्यंत चढतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने बोलाविलेल्या बैठकीत समान चार्जिंग तोंडावर सहमती झाली व जानेवारी २०२३ मध्ये मानक ब्युरोने यूएसबी-सीचे मानक जाहीर केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसाठी हेच तोंड सक्तीचे केले. मात्र तोंड सारखे झाले म्हणजे आतील २३० व्होल्टची बाजू सुरक्षित झाली, असे नव्हे. त्या बाजूचे आणि आपल्या हातातील केबलचे विलगीकरण नीट आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. स्वस्त मालात काटकसर नेमकी तिथेच होते.

म्हणून चार्जर घेताना पाठीवर मानक ब्युरोचे चिन्ह, त्यासोबत मानकाचा क्रमांक आणि रोमन 'आर' पुढे आठ अंक आहेत का, हे पाहावे. तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून नोंदणी त्याच निर्मात्याची, त्याच वस्तूची आहे ना, हे ताडून घ्यावे. एवढा खटाटोप करावयाचा, कारण ही नोंदणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि निर्मात्याची स्वयंघोषणा यांवर मिळते. नुसते चिन्ह छापणे खोटारड्यास अवघड नाही. छापलेले वॉट बहुधा सर्व तोंडांचे मिळून असतात. ६५ वॉटच्या चार्जरला लॅपटॉपसोबत मोबाइल लावला की लॅपटॉपच्या वाट्याला ४५ च्या आसपास उरतात. प्रत्येक जोडणीला किती मिळते, हे न लिहिणाऱ्या मालापासून दूर राहिलेले बरे. साधी केबल ६० वॉटपर्यंतच पुरते. त्यापुढे ५ अँपिअरची, चिप असलेली केबल हवी.

परदेशातून येणाऱ्यांची अडचण निराळी. तिकडच्या चांगल्या चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' छापलेले असते, त्यामुळे व्होल्टेजची भीती नसते. धोका असतो तो फूटपाथवरून घेतलेल्या ढिल्या कन्व्हर्टरचा. सैल जोडावर उष्णता साठते. 'सीई' ही खूण तर निर्मात्याची स्वतःची घोषणा असते, तिला परीक्षेचा दाखला समजू नये.

काशीत जुन्या शहराच्या सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातील लोंबत्या तारा २०१७ अखेर जमिनीखाली गेल्या. काम नक्कीच स्तुत्य होते. पण कोणत्याही वीजयोजनेची हद्द मीटरपाशी संपते. मीटरच्या आतील तारा आणि सॉकेट घरमालकाचे. दुसऱ्या दिवशी मी क्रमांक ताडून ६५ वॉटचा चार्जर आणला, तर तो भिंतीत नीट बसेना. सॉकेटच झिजलेले होते. वाड्याच्या काकूंनी ते पाहिले, आणि संध्याकाळपर्यंत वायरमन बोलावून ते बदलून घेतले. नवीन सॉकेटवर मानकाचे चिन्ह आहे की नाही, ते त्यांनी चष्मा लावून स्वतः पाहिले.