दिवा, बाटली आणि तिऱ्हाईत

घरांत येणारी वस्तु बहुधा एक जण विकत घेतो आणि दुसराच कोणी वापरतो. दिवा पति आणतो, लावते पत्नी. खेळणें बाप आणतो, हाताळतें मूल. पाहुण्यापुढें ठेवलेल्या पेयाचे पैसे यजमानानें दिलेले असतात. संसाराची ही रीत इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं, तिच्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. परंतु ती वस्तु सदोष निघून कोणास इजा झाली, म्हणजे हाच भेद एकाएकीं मोठा होतो. नुकसानभरपाई मागावयाची कोणी? ज्यानें पैसे मोजले त्यानें, कीं ज्याचा हात भाजला त्यानें? आणि मागावयाची कोणाकडे? दुकानदाराकडे, कीं ती वस्तु बनविणाऱ्याकडे? या साध्या प्रश्नांचीं साधीं उत्तरें मिळण्यास इंग्लंड-अमेरिकेंतील न्यायालयांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभ १८४२ सालच्या एका इंग्लिश खटल्यापासून करण्याचा प्रघात आहे. विंटरबॉटम नांवाचा एक मनुष्य टपालाची घोडागाडी हांकीत असे. ती गाडी पुरविण्याचा व दुरुस्त ठेवण्याचा करार राइट नांवाच्या ठेकेदारानें पोस्टमास्टर जनरलशीं केलेला होता. १८४० सालीं वाटेंत गाडी मोडली, गाडीवान खालीं पडला आणि जन्माचा लंगडा झाला. त्यानें राइटवर फिर्याद केली; कोर्ट ऑफ एक्स्चेकर या न्यायालयानें ती फेटाळली. कारण एवढेंच कीं, राइटचा करार पोस्टमास्टर जनरलशीं होता, गाडीवानाशीं नव्हता. करारांत जो नाहीं तो तिऱ्हाईत, आणि तिऱ्हाइताला दाद मागण्याचा अधिकार नाहीं. लॉर्ड ॲबिंजर यांना भीति वाटली कीं, करार करणाऱ्यांपलीकडे कोणास दावा करूं दिला, तर त्याच्या परिणामांना सीमाच राहणार नाहीं. बॅरन ऑल्डर्सन यांचें म्हणणें, एक पाऊल पुढें टाकलें तर पन्नास पावलें न टाकण्यास कांहीं कारण उरत नाहीं. बॅरन रोल्फ यांनीं गाडीवानाचें नुकसान झालें हें कबूल केलें. मात्र कायद्यांत त्यावर उपाय नाहीं, आणि मन द्रवविणाऱ्या खटल्यांमुळें कायदा बिघडतो, असा इशाराहि दिला.

ही भीति निव्वळ निष्ठुरपणाची नव्हती. तिला काळाचें कारण होतें. गिरण्या आणि आगगाड्या यांचा तो उदयकाल होता. त्याच वर्षीं मे महिन्यांत फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस तुटून भयंकर अपघात झाला होता. तेथील प्रत्येक जखमी मनुष्य उद्यां आंस घडविणाऱ्या कारखानदारावर दावा लावील, त्याची वाट काय, असा प्रश्न राइटच्या वकिलांनीं या खटल्यांत न्यायाधीशांपुढें टाकला होता. नव्या उद्योगांचें रक्षण करावयाचें तर त्यांच्याभोंवतीं कुंपण हवें, अशी ही विचारसरणी. आणि करार हें तें कुंपण.

कुंपणाच्या बाहेर कोण राहिलें, तें १८५१ सालच्या दुसऱ्या एका खटल्यांत स्पष्ट दिसलें. लाँगमीड नांवाच्या गृहस्थानें हॉलिडे नांवाच्या दुकानदाराकडून एक दिवा घेतला. दिवा आपणांस व आपल्या पत्नीस वापरावयाचा आहे, हें विक्रेत्यास ठाऊक होतें. दिवा चांगला असल्याची हमीहि त्यानें दिली होती. पत्नीनें दिवा लावला तों त्याचा स्फोट होऊन तिला इजा झाली. विक्रेत्यानें जाणूनबुजून फसविलें असें ज्यूरीस आढळलें नाहीं. तेव्हां न्यायालयानें ठरविलें कीं, हमी पतीला दिलेली होती, पत्नीला नव्हे. म्हणून पत्नीच्या इजेबद्दल भरपाई नाहीं. बॅरन पार्क यांच्या मतें, जी वस्तु मूळची घातक नाहीं, केवळ एखाद्या गुप्त दोषामुळें घातक ठरते, तिच्याबद्दल साऱ्या जगाला जबाबदार राहावें असें व्यवहारांत कोणास सांगतां येणार नाहीं.

या निकालांतील खरा विरोध असा कीं, त्या काळीं इंग्लंडांत विवाहित स्त्रीला स्वतःच्या नांवानें करार करण्याचा अधिकार जवळजवळ नव्हताच. घरांतील दिवे, शेगड्या, भांडीं यांशीं जिचा अष्टौप्रहर संबंध, तिलाच कायद्यानें त्या वस्तूंच्या बाबतींत तिऱ्हाईत ठरविलें. करार करूं द्यावयाचा नाहीं, आणि करार नाहीं म्हणून दाद द्यावयाची नाहीं, असा हा दुहेरी फांस होता.

तो फांस सैल करण्याचे प्रयत्न मात्र लवकरच सुरू झाले. न्यूयॉर्कमध्यें एका औषधें बनविणाऱ्या व्यापाऱ्यानें बेलाडोना या विषारी अर्काच्या बरणीवर दुसऱ्याच निरुपद्रवी वनस्पतीचें नांव चिकटविलें. बरणी दोन व्यापाऱ्यांच्या हातून फिरून एका घरीं पोंचली आणि त्या घरची बाई मरतां मरतां वांचली. तेथील न्यायालयानें १८५२ सालीं मूळ व्यापाऱ्यास जबाबदार धरलें. विष हें स्वभावतःच घातक असल्यानें तेथें कराराची अट नको, असें म्हटलें. इंग्लंडांत १८६९ सालीं केस धुण्याच्या औषधानें इजा झालेल्या एका स्त्रीचा दावा ऐकण्याजोगा ठरला. औषध विकत घेतलें होतें पतीनेंच. पण तें तिच्यासाठीं आहे हें विक्रेत्यास माहीत होतें आणि तें त्यानें स्वतःच तयार केलें होतें. दिव्याच्या निकालाशीं याचा मेळ कसा घालावा, यावर पुढें कायदेपंडितांनीं पुष्कळ काथ्याकूट केला. वस्तु ‘स्वभावतः घातक’ आणि ‘स्वभावतः निर्दोष’ अशा दोन वर्गांत वांटण्याचा हा खटाटोप होता. १९१६ सालीं न्यूयॉर्कचे न्यायाधीश कार्डोझो यांनीं त्याचा निकाल लावला. मोटारीचें लांकडी चाक मोडून तिचा मालक जखमी झाला होता. मोटार त्यानें कारखान्याकडून नव्हे, दुकानदाराकडून घेतली होती. हयगयीनें बनविल्यास जी वस्तु मनुष्याच्या जिवावर बेतेल असा वाजवी अंदाज करतां येतो, ती घातकच समजावयाची, असें म्हणून कार्डोझो यांनीं कारखानदारास जबाबदार ठरविलें.

इंग्लंड-स्कॉटलंडमध्यें हेंच पाऊल पडण्यास १९३२ साल उजाडावें लागलें, आणि तें पडलें एका गरीब बाईमुळें. २६ ऑगस्ट १९२८, रविवार. ग्लासगो येथील मे डोनोह्यू ही स्त्री जवळच्या पेसली गांवीं एका मैत्रिणीबरोबर उपाहारगृहांत गेली. मैत्रिणीनें तिच्यासाठीं आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागविलें. बाटली गडद रंगाच्या कांचेची होती. आंत काय आहे तें बाहेरून दिसण्याची सोय नव्हती. कांहीं पेय तिनें घेतलें. उरलेलें मैत्रीण ओतूं लागली तों, फिर्यादींत म्हटल्याप्रमाणें, कुजलेली गोगलगाय पेल्यांत तरंगत आली. डोनोह्यूला पोटाचा विकार जडला आणि मनाला धक्का बसला. पैसे मैत्रिणीनें दिलेले. तेव्हां उपाहारगृहाच्या मालकाशीं तिचा करार नव्हता, आणि पेय बनविणाऱ्या डेव्हिड स्टीव्हन्सनशीं तर मुळींच नव्हता. ती सर्व बाजूंनीं तिऱ्हाईत होती.

तिचे सॉलिसिटर वॉल्टर लीचमन हे चिवट गृहस्थ होते. बाटलींत मेलेला उंदीर सांपडल्याचा असाच एक खटला ते मार्च १९२९ मध्यें नुकतेच हरले होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत, ९ एप्रिल रोजीं, त्यांनीं डोनोह्यूचा पांचशें पौंडांचा दावा दाखल केला. १९३० च्या जूनमध्यें खालच्या न्यायाधीशांनीं तिच्या बाजूनें कौल दिला. नोव्हेंबरांत वरच्या न्यायालयानें तो फिरविला. उरली होती ती लंडनची उमरावसभा. तेथें हरल्यास प्रतिपक्षाचा खर्चहि डोक्यावर येणार. तेव्हां आपली सर्व मत्ता मिळून पांच पौंडांचीहि होत नाहीं असें तिनें शपथेवर लिहून दिलें, आणि निर्धन वादी म्हणून सभेनें तिचें अपील ऐकण्याचें मान्य केलें.

२६ मे १९३२ रोजीं निकाल लागला. पांच न्यायाधीशांपैकीं दोघे विरुद्ध गेले. नव्वद वर्षांपूर्वींची व्हर्सायच्या आंसाची भीति लॉर्ड टॉमलिन यांनीं पुन्हां बोलून दाखविली. परंतु लॉर्ड ॲटकिन, लॉर्ड थँकर्टन आणि लॉर्ड मॅकमिलन यांच्या मतानें बाई जिंकली. ॲटकिन यांनीं धर्मग्रंथांतील शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा घेतली आणि तिचें कायद्याच्या भाषेंत रूपांतर केलें. कायदा प्रेम करावयास सांगूं शकत नाहीं. शेजाऱ्यास अपाय करूं नको एवढें सांगूं शकतो. मग शेजारी कोण? आपल्या कृत्याचा ज्याच्यावर इतका निकटचा परिणाम होतो कीं तें कृत्य करतांना त्याचा विचार मनांत यावयासच हवा, तो आपला शेजारी. मराठींत ज्यास शेजारधर्म म्हणतात, तोच येथें भिंतीपलीकडच्या घरापासून कारखान्याच्या बाटलीपर्यंत लांबविण्यांत आला. मधल्या कोणासहि तपासतां येऊं नये अशा रीतीनें जो माल बंद करून पाठवितो, त्याची जबाबदारी थेट वापरणाऱ्यापर्यंत पोंचते, असें ठरलें.

आणि गोगलगाय? ती खरोखर बाटलींत होती किंवा नव्हती, याचा पुरावा कोणत्याहि न्यायालयापुढें कधींच झाला नाहीं. फिर्यादींतील हकीकत खरी धरून केवळ कायद्याचा प्रश्न सोडविण्यांत आला होता. पुढें १९३२ सालच्या अखेरीस स्टीव्हन्सन वारला आणि प्रकरण तडजोडीनें मिटलें.

पुराव्याची अडचण पुढच्याच खटल्यांत उभी राहिली. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरच्या डॉ. ग्रँट यांनीं १९३१ सालीं लोंकरीचे अंतर्वस्त्र विकत घेतले. कापडांत राहून गेलेल्या रासायनिक द्रव्यामुळें त्यांना भयंकर त्वचारोग झाला. कारखान्यांत कोणाच्या हातून, कोणत्या दिवशीं हयगय झाली, हें त्यांनीं कसें दाखवावें? २१ ऑक्टोबर १९३५ रोजीं प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें कीं, तें दाखविण्याची गरज नाहीं. वस्तूंतील दोष आणि सभोंवारची परिस्थिति यांवरून हयगयीचें अनुमान काढतां येतें. या निकालाचा हिंदुस्थानाशीं साक्षात् संबंध होता. कारण १९४९ सालापर्यंत मुंबईच्या उच्च न्यायालयाचींहि शेवटचीं अपिलें याच प्रिव्ही कौन्सिलपुढें जात असत.

तथापि हयगय हा शब्द अजून उरलाच होता. कारखानदारानें सर्व काळजी घेऊनहि माल सदोष निघाला तर? कॅलिफोर्नियांत शीतपेयाची बाटली हातांत फुटून उपाहारगृहांतील एक सेविका जखमी झाली. त्या खटल्यांत १९४४ सालीं न्यायाधीश ट्रेनर यांनीं स्वतंत्र मत मांडलें कीं, एका मनुष्याला असह्य होणारें नुकसान कारखानदार विमा उतरवून व मालाच्या किंमतींत घालून अनेकांत वांटूं शकतो. म्हणून हयगयीचा प्रश्न बाजूस ठेवून दोषाबद्दलच त्यास जबाबदार धरावें. त्यांचे सहकारी तेव्हां तितके पुढें गेले नाहींत. एकोणीस वर्षांनीं, १९६३ सालीं, तेंच मत न्यायालयाचें मत झालें. निमित्त होतें घरगुती सुतारकामाच्या एका यंत्राचें. १९५५ च्या नाताळांत पत्नीनें तें पतीला भेट दिलें होतें. १९५७ सालीं त्यांतून लांकडाचा तुकडा उडून पतीच्या कपाळावर बसला. विकत घेणारी पत्नी, जखमी झालेला पति. म्हणजे १८५१ चीच कथा, भूमिका मात्र उलट. या वेळीं मात्र भरपाई मिळाली.

भारतांत हा विचार कायद्याच्या कलमांत यावयास आणखी वेळ लागला. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि ग्राहकाच्या हक्कांची भाषा महाराष्ट्रांतील घरोघरीं पोंचूं लागली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली व तो जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यांत सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. घडणींतील दोष, आराखड्यांतील दोष, दिलेल्या हमीचा भंग, किंवा योग्य सूचना व इशारा न देणें, यांपैकीं कोणत्याहि कारणानें अपाय झाल्यास उत्पादकास भरपाई द्यावी लागते. उघड हमी दिलेली असेल, तर आपली हयगय नव्हती हें सिद्ध करूनहि त्याची सुटका होत नाहीं. अपायांत शरीराची इजा, आजार व मृत्यु येतात. सदोष वस्तूचें स्वतःचें नुकसान त्यांत धरलेलें नाहीं. उलट, वस्तूचा गैरवापर केला असेल किंवा तींत फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावरचा दावा टिकत नाहीं. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आंत करावी लागते. म्हणून मोडलेली वस्तु, पावती आणि वैद्याचे कागद जपून ठेवणें अगत्याचें. डोनोह्यूबाईला दारिद्र्याची शपथ घेऊन दार ठोठवावें लागलें. येथें पांच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूच्या तक्रारीस शुल्क पडत नाहीं.

परंतु या दोन्ही कायद्यांतील सर्वांत महत्त्वाचे शब्द ग्राहकाच्या व्याख्येंत आहेत. वस्तु विकत घेणारा तर ग्राहक खराच. पण त्याच्या संमतीनें ती वापरणाराहि ग्राहकच, असें तेथें लिहिलेलें आहे. १८५१ सालीं पतीनें आणलेला दिवा लावतांना जखमी झालेल्या त्या स्त्रीला याच एका वाक्याची गरज होती.