फावल्या वेळाचे सुतारकाम

आपल्या सुतार समाजाचा इतिहास सांगताना नांगर, तिफण आणि बैलगाडी यांचा उल्लेख करावयास कोणीही विसरत नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ ह्या ग्रंथापासून बलुतेदार सुताराचे हेच चित्र आपणांस परिचित आहे. परंतु ज्या बाजेवर आपले आजोबा निजले, ज्या पाटांवर घरातील पंगती उठल्या आणि ज्या घडवंचीवर अंथरुणांची चळत रचली गेली, त्या वस्तू कोणी व केव्हा घडविल्या हे मात्र कोठेही लिहिलेले आढळत नाही. कारण उघड आहे. शेतीची अवजारे करून द्यावयाची, दुरुस्त करावयाची व सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य न्यावयाचे, हा बलुत्याचा व्यवहार. घरगुती सामान त्यात मोडत नसे. ते वेगळ्या मोबदल्यावर, अथवा स्वतःच्याच घरासाठी, फावल्या वेळात होई.

हा फावला वेळ तरी किती? मृगापूर्वी सुताराला मान वर करावयास सवड नसे. दारात मोडक्या वखरांची व तिफणींची रास पडलेली असे. पेरणी आटोपून श्रावणाची झड लागली, की पडवीत थोडी उसंत मिळे. अवजाराला मापाची शिस्त असते. तिफणीचे फण मापाबाहेर बसले तर शेतकरी ती परत आणील. तिवई किंवा देव्हारा करताना मात्र कारागीर आपल्या मनाचा धनी असे. झाडाचे बेचके दिसले की त्याला तिवईचा पाय दिसे. खोड वाकडे असले तर ते वाकडेच उपयोगात आणी. आपल्या पूर्वजांची खरी आवडनिवड पाहावयाची असेल, तर ती नांगरात नव्हे, ह्या वस्तूंत पाहावी, असे माझे मत आहे.

हिंगोलीच्या आसपास सागापेक्षा बांधावरची बाभूळ व लिंब ही हाताशी असत. बाभूळ चिवट खरी, पण तिला कीड लवकर लागते. म्हणून तोडलेली खोडे कित्येक महिने विहिरीत अथवा ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवीत. त्यायोगे लाकडातील किड्याचे खाद्य पाण्यात निघून जाई. लिंबाला वाळवी सहसा शिवत नाही. हे शास्त्र कोणी शाळेत शिकविले नव्हते.

बाजेची रचना तर विशेष अभ्यासण्याजोगी आहे. चार खुरांना वाकसाने आकार द्यावयाचा, किकऱ्याने भोके पाडावयाची, आणि उभ्या-आडव्या चारही लाकडांच्या टोकांना कुसू काढून ते त्या भोकांत ठोकून बसवावयाचे. खिळा नाही, सरस नाही. नंतर अंबाडीच्या वाखाची दोरी विणली, की तिचा ताणच चौकट आवळून धरतो. माणूस बाजेवर निजला म्हणजे सांधा सैल होण्याऐवजी अधिक घट्ट बसतो! पुढे विण ढिली पडली तर पायथ्याकडील दोरी ओढावी, की झाले.

हिंगोली हे निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या छावणीचे ठाणे होते. खुर्ची त्या गोऱ्या साहेबांनी आणली, अशी समजूत ऐकू येते; ती बरोबर नाही. ‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आलेला असून तो इंग्रजांच्या पूर्वीच मराठीत रुळला होता. ‘अलमारी’ पोर्तुगीजांकडून आली. ‘पाट’ मात्र संस्कृत ‘पट्ट’ शब्दाचा वंशज. सामान्य घरात बसणे भुईवर किंवा पाटावरच असे, आणि खुर्ची हा मानाचा प्रकार होता.

१९०३ साली कंटिन्जंट फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली व हिंगोलीची छावणी उठली. योगायोग असा, की त्याच वर्षी बेळगावास लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला. लाकडी नांगर नाहीसा व्हावयास पुढे कित्येक दशके लागली. पण लोखंडी नांगर आला, मागून ट्रॅक्टर आला, आणि बलुते आटले. त्या वेळी आपल्या लोकांना कोणी तारले? शेकडो वर्षे ज्याला हिशेबात धरले नव्हते त्या फावल्या वेळाच्या कामाने. दारे-खिडक्या, पलंग, टेबले, शाळेची बाके करून कितीतरी घरांनी संसार चालविले व मुलांना शिकविले. आता प्लायवूड व लोखंडी कपाटे यांनी त्या कामावरही संकट आणले आहे, ही गोष्ट निराळी.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामी ह्या सुताराने तेथील द्वार घडविले, असे त्यात कोरलेले आहे. त्याच चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी कमानी आजही आहेत. सामीचे नाव दगडावर होते म्हणून राहिले. आपल्या घरातील बाजेवर नाव नाही, आणि मोडकी बाज चुलीत जावयास एक सायंकाळ पुरते.

म्हणून समाजबांधवांना व भगिनींना विनंती, की माळ्यावरची घडवंची, पाळणा अथवा देव्हारा विकण्यापूर्वी किंवा जाळण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, लांबी-रुंदी मोजावी, लाकूड कोणते हे जाणत्याकडून ओळखून घ्यावे, आणि तो कोणी केला हे घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला विचारावे. पुरुषांपेक्षा ह्या गोष्टी त्यांनाच अधिक आठवतात. ती माहिती एका कागदावर लिहून पुढील अंकासाठी संपादकांकडे पाठवावी. भाषा कशीही चालेल.