डोमकावळ्याचं पीस

डोळे इतक्यात उघडू नका. आधी वास घ्या. गरम सरस, रंध्याखालून निघालेली लाकडाची कुरळी सालपटं, आणि कोपऱ्यात कुणीतरी रंग कालवतंय त्याचा ओलसर वास. आता उघडा. साल १६४०, शहर अँटवर्प. याच मे महिन्यात या शहरात रुबेन्स वारला. तुम्ही उभे आहात ती जागा आंद्रेयास रुकर्सच्या कारखान्याची. याचे वडील हान्स १५७९ मध्ये इथल्या सेंट ल्यूकच्या संघात दाखल झाले. चित्रकार आणि वाद्यं घडवणारे, दोघांचा संघ एकच. तेव्हापासून हे घराणं हार्पसिकॉर्ड घडवत आलंय आणि त्यांच्या वाद्यांना युरोपभर मागणी आहे.

समोर एक वाद्य पुरं होत आलंय. पाखराच्या पंखासारखी लांबट पेटी, अंग पॉप्लरचं, तबली स्प्रूसची. तबलीवर फुलं, पाखरं, किडे रंगवलेत. मधल्या गोल छिद्रात हार्प वाजवणारा सोनेरी देवदूत बसलाय, त्याच्या दोन बाजूंना कारागिराची आद्याक्षरं. पाहुणे याच देवदूताकडे बघत राहतात. तुम्ही मात्र त्या खिडकीखाली बसलेल्या पोराकडे जा. त्याच्या मांडीवर डोमकावळ्याची पिसं आहेत आणि हातात एक लहानशी, अतिशय धारदार सुरी.

पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली एक लाकडी काडी वर उचलली जाते. तिला जॅक म्हणतात. जॅकच्या डोक्याशी एक छोटी जीभ आणि त्या जिभेत पिसाच्या कण्याचा जेमतेम दिसणारा तुकडा. वर जाताना तो तारेला छेडतो. पट्टी सोडली की जॅक खाली येतो, जीभ मागे झुकते, पीस तारेला चाटून निसटतं, डुकराच्या राठ केसाची स्प्रिंग जिभेला पुन्हा जागेवर आणते आणि कापडाचा एक कपटा तारेवर टेकून नाद थांबवतो. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत. अशा डझनावारी जिभा, आणि प्रत्येकीतलं पीस हातानं बेतलेलं. पीस जाड राहिलं तर तार खेकसते, पातळ झालं तर कुजबुजते. पोरगा पट्टी दाबतो, ऐकतो, जॅक बाहेर काढतो आणि सुरी फिरवतो. बघा, सुरी पिसाच्या पोटाकडून फिरते. पाठीकडून कधीच नाही. तारेला भिडते ती पाठ. तिची गुळगुळीत कातडी शाबूत राहायला हवी. हे त्याला कुणी सांगताना तुम्हाला दिसत नाही. शेजारच्या म्हाताऱ्यानं एकदा त्याचं मनगट धरून फिरवलं, तेवढंच.

आता ऐका. आधी एक बारीक टिचकी, आणि तिच्या पाठोपाठ उलगडत जाणारा स्वर. तंबोऱ्याची जवारी नेमकी लागली की एका तारेतून आणखी स्वर डोकवायला लागतात, तसं काहीसं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल, तर या पोराची मान कलती करण्याची लकब तुम्हाला ओळखीची वाटेल. हा आवाज कानात नीट भरून घ्या. इथे कुणीच तो जपून ठेवत नाहीये, कारण तो हरवेल असं कुणाच्या मनातही नाही.

पुढचं दीडशे वर्षांचं अंतर भरभर कापू. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी पिसाच्या जागी हातोडी बसवतो. बोट हलकं ठेवलं तर स्वर हळू, जोर दिला तर मोठा. हार्पसिकॉर्डला हे जमत नाही, आणि लोकांना आता हेच हवंय. १७९३ मध्ये लंडनची ब्रॉडवुड पेढी आपलं शेवटचं हार्पसिकॉर्ड बनवते. काही रुकर्स पेट्यांच्या पोटात पियानोची यंत्रणा कोंबली जाते. ल्यूट या तंतुवाद्याचे काही सुंदर पाठीचे सांगाडे कापून त्यांची चक्रानं वाजणारी वाद्यं होतात. खिडकीखालच्या पोराच्या वंशातलं कुणीतरी दुसऱ्या धंद्याला लागतं आणि मनगट धरून शिकवण्याची साखळी तुटते. भांडण नाही, आग नाही. शिकायला कुणी आलं नाही, एवढंच.

१८८९. लंडन. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरा. एक ठेंगणा, दाढीवाला, विलक्षण डोळ्यांचा माणूस जुन्या हस्तलिखितांवर वाकलेला दिसेल. आर्नल्ड डॉल्मेच, वय एकतीस, जन्म फ्रान्समधल्या ल मांचा. वडील पियानो बनवणारे, त्यामुळे हत्यारं लहानपणापासून हातात. ब्रुसेल्सला व्हिएतॉंकडे व्हायोलिन शिकला, आता डलिच कॉलेजात मुलांना व्हायोलिन शिकवतो. आणि इथे त्याच्यासमोर सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकारांनी व्हायोल या गजानं वाजणाऱ्या जुन्या वाद्यासाठी लिहिलेल्या रचनांचे गठ्ठे आहेत. जेंकिन्स, लॉज, लॉक. संगीताचा इतिहास लिहिणारे ही नावं टिपतात, पण रचना वाजवून कुणी पाहत नाही, कारण त्या ज्या वाद्यांसाठी आहेत ती वाजती राहिलेलीच नाहीत.

त्याचा हात पानावर थबकतो तो क्षण मला या साऱ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. हे संगीत पियानोवर बसवून लोकांना ऐकवता आलं असतं. शंभरातले नव्याण्णव जण तेच करते. हा माणूस ठरवतो की आधी वाद्य हवं.

त्याच्या मागोमाग वेस्ट डलिचच्या घरी या. घराला त्यानं नाव दिलंय डाउलंड, एलिझाबेथकालीन ल्यूटवादक जॉन डाउलंडच्या आठवणीत. १८९३ चालू आहे आणि टेबलावर त्याचं पहिलं ल्यूट आकार घेतंय. अरबांचं अल-ऊद युरोपात शिरलं आणि त्याच नावाचं ल्यूट झालं. कलिंगडाची उभी फाक काढावी तशा लाकडाच्या पातळ फाका, ओल आणि उष्णता देऊन वाकवलेल्या, कडेला कड लावून चिकटवलेल्या. त्यातून ती अर्ध्या पेरूसारखी पाठ तयार होते. उचलून बघा. केवढं हलकं! गिटार उचलायला सरावलेला तुमचा हात फसतो आणि वाद्य अचानक छातीशी येतं. तबली दोन मिलिमीटरहूनही पातळ. मधली जाळी वेगळी बसवलेली नाही, त्याच तबलीत कोरलेली. तारा मेंढीच्या आतड्याच्या, बहुतेक जोडीजोडीनं. पडदेसुद्धा आतड्याचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले, सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येणारे.

तुम्हाला काहीतरी सांगावंसं वाटतंय. अँटवर्प तुमच्या कानात आहे. पण या प्रवासात बोलायची मुभा नाही, आणि नाही तेच बरं. तो आपल्या बोटांनी चुकतोय. जुन्या वाद्याची तबली टिचकी मारून ऐकतो, आपली ऐकतो, पुन्हा रंधा घेतो. चुकण्याशिवाय ही विद्या परत येणार नाही, कारण ती कागदात नव्हतीच. पुढच्या वर्षी तो क्लॅव्हिकॉर्ड करतो, खोलीभर माणसांपुरताच आवाज असलेलं ते लाजरं वाद्य. बर्नार्ड शॉसुद्धा त्याच्याकडून एक क्लॅव्हिकॉर्ड घेतो. पुढे १९०४ मध्ये तरुण जेम्स जॉइस ल्यूट मागायला पत्र लिहितो, त्याला ल्यूट काही मिळत नाही.

१८९६ चा सप्टेंबर. हॅमरस्मिथ, थेम्सकाठचं केल्म्स्कॉट हाउस. जिन्यावर पाय न वाजवता वर या. पलीकडे विल्यम मॉरिस आहे. कवी, छापखानेवाला, कापडांवर वेलबुट्ट्या रेखणारा, यंत्रांच्या युगात हाताच्या कामासाठी आयुष्यभर भांडलेला. आता वय बासष्ट आणि अंगात उठून बसायचंही त्राण नाही. डॉल्मेचनं आपलं व्हर्जिनल बरोबर आणलंय, हार्पसिकॉर्डचंच धाकटं भावंड. तो विल्यम बर्डची पावान वाजवतो, मग गॅलिअर्ड.

पहिल्या काही सुरांतच मॉरिसच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघतो. तो दोन्ही रचना पुन्हा ऐकतो. मग मात्र तो इतका हेलावतो की याहून जास्त ऐकणं त्याला सोसवत नाही. डॉल्मेच थांबतो. शेवटच्या पट्टीवरून बोट उचललं जातं, जॅक खाली पडतो, कापडाचा कपटा तारेवर टेकतो. तो हलका खट् तुम्हाला स्पष्ट ऐकू येतो. खोलीत दुसरं काही हलत नाही. मॉरिसनं ज्यासाठी आयुष्य वेचलं ते नेमकं हेच होतं: माणसाच्या हातानं, दुसऱ्या माणसाच्या बोटांसाठी केलेली वस्तू. ३ ऑक्टोबरला तो जातो.

त्याच ऑक्टोबरात लंडनच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स प्रदर्शनात एक हिरवं हार्पसिकॉर्ड मांडलं जातं. मॉरिसच्या आग्रहावरून डॉल्मेचनं घडवलेलं हे पहिलं हार्पसिकॉर्ड, रंगकाम हेलन कूम्ब यांचं. ते वाद्य आजही लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहे.

पुढची वर्षं त्याची भटकंतीत जातात: बॉस्टनच्या चिकरिंगकडे, मग पॅरिसच्या गाव्होकडे. पियानोच्या कारखान्यांत राहून त्याच्या हार्पसिकॉर्डना पायपट्ट्या फुटतात. पॅरिसची प्लेयेल पेढी तर त्याहून पुढे जाते: चामड्याची नखी आणि पुढे लोखंडी चौकटही. वांदा लँडोव्स्का त्यांवर बाख वाजवते आणि हजारो लोक पहिल्यांदा हार्पसिकॉर्ड हा शब्द ऐकतात. तुमच्या कानातला अँटवर्पचा स्वर तिथे सापडत नाही. तरी मी त्या वाद्यांना नावं ठेवणार नाही. त्यांच्याशिवाय लोकांना या वाद्याची ओढच लागली नसती.

१९१९, वॉटर्लू स्टेशन. गर्दी, वाफ, सामान. सात वर्षांचा कार्ल डॉल्मेच फलाटावर एक पिशवी विसरतो. पिशवीत सतराव्या-अठराव्या शतकातल्या ब्रेसाँ या कारागिराचा रेकॉर्डर, म्हणजे उभी धरून वाजवायची बासरी आहे, घरातली सर्वांत लाडकी. पिशवी सापडत नाही. बाप पोरावर किती चिडला असेल ते सोडा. तो इंग्लंडमधल्या हेझलमिअर गावच्या आपल्या घरी येतो, स्वतः घेऊन ठेवलेली मापं काढतो आणि लाकूड कातायला बसतो. भोकाची जागा केसभर सरकली की सूर बिघडतो, त्यामुळे पुष्कळ लाकूड वाया जातं. पण त्याच्या हातून जी बासरी निघते तिच्यामागोमाग असंख्य येतात. १९२५ मध्ये हेझलमिअरला जुन्या संगीताचा उत्सव सुरू होतो, आणि पुढच्या पिढीत इंग्लंडच्या शाळाशाळांतून मुलं रेकॉर्डर फुंकायला लागतात. मोठा झालेला कार्ल त्यातला सर्वांत नामांकित वादक असतो.

आता शेवटची जागा. १९६५, बॉस्टनजवळचा एक कारखाना. हार्वर्डमधलं इंग्रजी साहित्याचं शिक्षण अर्ध्यावर टाकून हेझलमिअरला उमेदवारीला गेलेला फ्रँक हबर्ड याचा मालक. विल्यम डाउडबरोबर त्यानं १९४९ मध्ये काम सुरू केलं तेव्हा ठरवलं की सुधारणा नको; संग्रहालयांतली जुनी वाद्यं मोजायची, उघडून बघायची आणि ती जशी होती तशी करायची. यंदा त्याचं तीन शतकांच्या हार्पसिकॉर्डवरचं पुस्तक निघालंय. भिंती पुन्हा पातळ झाल्यात. लोखंड गेलंय.

खिडकीखाली एक तरुण बसलाय. पुढ्यात डोमकावळ्याची पिसं नाहीत; डेलरिन नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या आहेत, याच दशकात हार्पसिकॉर्डवाल्यांच्या हाती लागलेल्या. तो पट्टी दाबतो. तार खेकसते. तो जॅक बाहेर काढतो, उजेडाकडे धरतो, मान जराशी कलती करतो आणि सुरी फिरवतो. पोटाकडून.

जॅक परत जागेवर जातो. बोट पट्टीवर येतं. टिचकी, आणि मागून उलगडत जाणारा स्वर.

तो वर बघतो. तुम्ही तिथे आहात हे त्याला माहीत नाही, तरी नजर तुमच्यावरच येऊन थांबल्यासारखी वाटते, जणू विचारतोय की बरोबर झालं का. या खोलीत ते सांगू शकणारे तुम्ही एकटेच. तोंड उघडेपर्यंत त्यानं पुढचा जॅक हातात घेतलेला असतो.