हुन्नर हातात, साक्ष कागदात

मंडळी, आपल्या खेड्यात लोहाराला कुणी कधी दाखला मागितला नाही. त्याने शेवटलेला फाळ जमिनीत कसा चालतो, हे साऱ्या गावाने पाहिलेले असे. सुताराचे तसेच, कुंभाराचेही तसेच. गाव हाच परीक्षक आणि गाव हीच साक्ष. पण हाच कारागीर गावाबाहेर पडला, पुढे सातासमुद्रापलीकडे गेला, म्हणजे त्याचे काम पाहिलेला तिथे कोण असणार? मग त्याच्या हुन्नराची साक्ष कुणी द्यायची? पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांतले हजारो जोडारी, कातारी, वीजतंत्री आणि इंजिनिअर यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे. त्याची हकीगत तुम्हाला सांगायची आहे.

पुण्याजवळ कारखानदारी तशी जुनी. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. त्या काळी कारागिराची परीक्षा म्हणजे मिस्त्रीचा शब्द. "पोरगा हाताचा चांगला आहे," असे मिस्त्री म्हणाला की झाले! दुसऱ्या महायुद्धात हुशार कारागिरांची टंचाई पडली, तेव्हा ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाची एक योजना 1941 साली निघाली. तिच्यातून हिंदी कारागीर निवडून विलायतेच्या कारखान्यांत शिक्षणाला पाठवले गेले. आपला कामगार हुन्नराच्या जोरावर परदेशी जाऊ शकतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

स्वातंत्र्यानंतर सरकारने मिस्त्रीच्या शब्दाला कागदाची जोड दिली. 1950 साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली. 1956 साली धंदेशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. त्यामुळे पुण्याचा जोडारी आणि पाटण्याचा जोडारी एकाच मापाने मोजले जाऊ लागले. 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. याच सुमारास आपला हा पट्टा उभा राहत होता. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि 1966 साली टेल्कोने इथे पाय रोवले. मावळ, मुळशी, हवेली, खेड इथली शेतकऱ्यांची पोरे सायकलवरून कामाला येऊ लागली. चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही गावे 1970 साली एका नगरपालिकेत आली आणि 1982 साली तिची महानगरपालिका झाली. पुढे चाकणची पाळी आली. एके काळी संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. तिथे 2009 साली फोक्सवॅगनची मोटार तयार होऊ लागली.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सगळेच काही शाळेत शिकले नाहीत. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलेला पोरगा दोन-चार वर्षांत लेथवर असा काही हात बसवतो की मायक्रोमीटरलाही खोट काढता येऊ नये. हुन्नर पक्का, कागद मात्र कोरा! पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

आता परदेशांच्या दारांकडे वळू. ही दारे पूर्वी हुन्नर पाहून उघडत नसत, कातडीचा रंग पाहून उघडत. ऑस्ट्रेलियात तर गोऱ्यांनाच प्रवेश, असे धोरण किती तरी वर्षे होते. कॅनडाने 1967 साली शिक्षण, भाषा, वय, धंदा यांना गुण देण्याची पद्धत सुरू केली. ऑस्ट्रेलियाने रंगभेदाचे उरलेसुरले नियम 1973 साली काढून टाकले. त्याच साली तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत बांधकामांची लाट आली. मुंबईत वेल्डरकडून दोन पट्ट्या जोडून घेऊन माणसे निवडली जाऊ लागली. या भरतीत फसवणूकही फार होई. म्हणून 1922 चा जुना कायदा बदलून 1983 साली नवा उत्प्रवास कायदा केला गेला आणि भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची झाली.

पुढे ऑस्ट्रेलियाने 1999 साली नियम केला, की हुन्नराच्या जोरावर कायमचे यायचे असेल त्याने अर्ज करण्याआधीच आपल्या धंद्याच्या अधिकृत संस्थेकडून कौशल्य तपासून घ्यावे. म्हणजे उमेदवार इथे चिंचवडमध्ये आणि परीक्षक तिथे समुद्रापार! मग तो तपासणार काय? हात दिसत नाही, तेव्हा कागदच तपासणार.

इंजिनिअरने आपल्या तीन कामांची सविस्तर हकीगत लिहायची आणि ती "मी" म्हणून लिहायची. आपल्याकडची रीत निराळी. "आम्ही यंत्र बसवले, आम्ही दोष काढला," असे आपण विनयाने म्हणतो. परीक्षक विचारतो, त्यात तुमचे काय? हिंजवडीच्या संगणकवाल्यांची तपासणी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी करते. ती मालकाचे पत्र मागते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत नोकरी केली, पूर्ण वेळ की अर्धवेळ, रोजचे काम नेमके कोणते, हे सारे त्यात हवे. आपल्याकडच्या अनुभवपत्रात पुष्कळदा हुद्दा, दोन तारखा आणि शुभेच्छा एवढेच असते. तेवढ्याने भागत नाही. जोडारी, वीजतंत्री अशा धंद्यांत कागदांशिवाय प्रात्यक्षिक किंवा तोंडी परीक्षाही होते. सौदी अरेबियानेही 2021 साली कामगारांच्या हुन्नराची परीक्षा घेण्याची योजना सुरू केली.

जर्मनीने याबाबतीत जरा वेगळी वाट काढली. तिथे 2012 साली परदेशी शिक्षणाला मान्यता देण्याचा कायदा अमलात आला. तुमचे शिक्षण त्यांच्या धंदेशिक्षणाशी ताडून पाहतात. कमी पडले तर काय कमी आहे ते लिहून देतात आणि तेवढे शिकून पुरे करता येते. आणि कागद मिळण्यासारखेच नसले तर? तर काम करून दाखवण्याची सोय त्या कायद्यात आहे. गावाने लोहाराची पारख केली तशीच ही. फरक इतकाच, की आता ती कायद्याने लिहून ठेवली आहे. 2020 साली तिथे आणखी एक कायदा अमलात आला आणि संगणकाच्या धंद्यात पदवी नसली तरी अनुभवावर प्रवेशाची वाट मोकळी झाली. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. पण मान्यता आणि भाषा या दोन पायऱ्या ज्याच्या त्यानेच चढायच्या असतात.

ही कागदाची परीक्षा न्याय्य आहे का, असे तुम्ही विचाराल. रंग पाहून दार लावून घेण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी. परंतु ती सगळ्यांना सारखी नाही, हेही खरेच. मोठ्या कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराकडे प्रमाणपत्र असते. चाकणला ठेकेदाराकडून कामावर लागलेल्या पोराचे नाव पुष्कळदा कारखान्याच्या पटावरच नसते. काम एकाचे केले, पगार दुसऱ्याने दिला आणि दाखला द्यायला तिसराही तयार नाही, अशी त्याची गत होते. शेडचा मालक धंदा बंद करून गेला, तर दहा वर्षांच्या कष्टांची साक्ष त्याच्याबरोबरच जाते.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना सांगणे आहे, की पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवसापासून कागद राखायला शिकवा. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब, हे सारे एका पिशवीत ठेवा. नोकरी सोडताना कामाचा तपशील लिहिलेले पत्र मागून घ्या. दहा वर्षांनी मागायला गेलात तर ओळखणारा साहेब तिथे नसेल. हातात हुन्नर आहे पण कागद नाही, अशांसाठी आपल्या सरकारनेही पूर्वी मिळवलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय केली आहे. तिची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये करावी. आणि कुणी खोटे पत्र करून देतो म्हणाला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. परीक्षक मालकाकडे थेट विचारणा करू शकतो. खोटे उघडे पडले, तर खऱ्या हुन्नरावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

गुरुजी, शेवटचा शब्द तुमच्यासाठी. या सगळ्या कागदांतला पहिला कागद तुमच्या हातचा आहे. शाळेच्या पटावर तुम्ही लिहिलेले नाव आणि जन्मतारीख पुढे दाखल्यावर, गुणपत्रिकेवर, पारपत्रावर जाते. आपल्या परीक्षा मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते. परदेशातल्या कारकुनाला ते माणसाचे नाव वाटते. त्यात एखाद्या अक्षराचा फरक पडला, की हे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करता करता महिने जातात. तेव्हा पट भरताना घाई करू नका. मावळातल्या एखाद्या वाडीत तुम्ही नीट लिहिलेली ती एक ओळ पुढे दूरदेशी एखाद्या कारागिराच्या बाजूने साक्ष देणार आहे.