धुक्यातला पर्याय

जयपूरला बदली झाली की पहिल्याच हिवाळ्यात कळतं : दिल्लीत धुकं पडलं की सांगानेर विमानतळावर गर्दी होते. दिल्लीला उतरू न शकलेली विमानं इकडे वळवतात. मीही एकदा पुण्याहून दिल्लीला निघालो आणि तीन तास सांगानेरला विमानात बसून राहिलो. माझं क्वार्टर तिथून अर्ध्या तासावर, पण उतरू देईनात! शेजारचे काका वैमानिकाला शिव्या घालत होते.

खरं तर बाहेर न बघता विमान चालवण्याची विद्या जुनी आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकी सैन्यातल्या लेफ्टनंट जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, केवळ उपकरणांवर, उड्डाण करून विमान उतरवलंही. (आपलाच गणवेश, म्हणून जरा अभिमान.) पुढे आयएलएस आलं आणि त्याच्या श्रेणी ठरल्या. कॅट वनमध्ये साधारण २०० फुटांवर धावपट्टीचे दिवे दिसलेच पाहिजेत आणि दृश्यता ५५० मीटर हवी. कॅट थ्री बीमध्ये ५० मीटरही चालते. मात्र त्यासाठी धावपट्टी, विमान आणि वैमानिक, तिन्ही त्या श्रेणीचे लागतात. एक कमी पडला की बाकी दोघांचा उपयोग नाही.

५ जानेवारी २०१४ च्या रात्री गुवाहाटीहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं एअरबस ३२० धुक्यामुळे जयपूरला वळवलं. तेव्हा जयपूर कॅट वन होतं, आणि विमान पोहोचेपर्यंत धुकं इथेही उतरलं. विमान धावपट्टीच्या डावीकडे घसरलं, पंख झाडांवर आदळला. आत १७० हून अधिक प्रवासी होते. सगळे वाचले, याला नशीबच म्हणायचं.

माझा राग इथे आहे. नियमानं पर्यायी विमानतळ मागितला, कागदावर जयपूर लिहिलं, नियम पाळला गेला. पण दिल्ली आणि जयपूर यांच्यामध्ये हवाईमार्गानं जेमतेम अडीचशे किलोमीटर. उत्तरेतलं धुकं दोन्हीकडे एकाच रात्री उतरू शकतं. खडकवासल्याला आम्हाला शिकवलं होतं, की माघारीची जागा मुख्य मोर्चाच्याच माऱ्यात असेल तर ती माघारीची जागा नव्हे. हे फाइलवर सही करणाऱ्याला कोण शिकवणार?

२०१६ मध्ये जयपूरला कॅट थ्री बी यंत्रणा बसली. प्रश्न सुटला असं वाटलं. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस धुक्यात पन्नासहून अधिक विमानं पुन्हा दिल्लीहून वळवावी लागली. दिल्लीला यंत्रणा होती, विमानंही सज्ज होती; काही विमानांवर प्रशिक्षित वैमानिकच नेमलेले नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं दोन कंपन्यांना प्रत्येकी ३० लाखांचा दंड केला.

त्या दिवशी काकांना मी एवढंच म्हटलं, ‘‘काका, त्या पोराला रोस्टरवर बसवणारा वेगळा असतो.’’ त्यांना ते पटलं नाही.